थोरली अजून दारातच

“अजून दारातच?” बायकोने विचारलं.

“हो.”

“अहो, तीन आठवडे झाले की! घराची कडी आहे का तुरुंगाचं फाटक?”

मी कागद खाली ठेवले. पहिल्या आठवड्यात मी कडी अडकवली होती, दुसऱ्यात आईचा चष्मा हरवला होता आणि या खेपेला एक भोचक शेजारीण मध्ये आणून तिला दीड पान बडबडायला लावलं होतं. रुसून घर सोडून गेलेली थोरली मुलगी चार वर्षांनी परत आली होती आणि मी तिला आत घेत नव्हतो.

अकरा वर्षं मी एका साप्ताहिकात ही कौटुंबिक कादंबरी क्रमशः लिहीत होतो. नाव माझं छापून यायचं, पण अर्धं काम बायकोचं. दर बुधवारी दुपारी मी लिहिलेलं मोठ्याने वाचायचो आणि ती शेंगा सोलत नाहीतर बटणं लावत ऐकायची. मध्येच कुठेतरी म्हणायची, “बास, इथे.” तिथे मी लाल पेन्सिलीने रेघ मारायचो. रेघेच्या वरचं छापायला जायचं, खालचं पुढच्या आठवड्याला. तिचा अंदाज कधी चुकला नाही. “एक गाठ सोडा, एक मारा,” हे तिचं ठरलेलं. “नुसत्या मारत सुटलात तर लोक वैतागतील. नुसत्या सोडल्यात तर विसरून जातील.”

आता ती खिडकीजवळच्या पलंगावर होती. माझं लिहायचं टेबलही मी तिथेच ओढून घेतलं होतं. डॉक्टरांनी मला बाहेर नेऊन सांगितलं होतं, महिना, फार तर दीड. तिला मी सांगितलं नव्हतं. तिने विचारलंही नव्हतं.

संपादकांचा फोन आला. “लेखकमहाशय, दार उघडा आता. वाचक पत्रांतून माझा उद्धार करतायत. एक बाई तर म्हणाल्या, पत्ता द्या, मीच येऊन कडी काढते.”

मी हो हो म्हटलं आणि दार बंदच ठेवलं.

खरं सांगायचं तर थोरली आत येते ते प्रकरण महिन्यापूर्वीच लिहून झालं होतं. टेबलाच्या खणात पडलं होतं. पण पुढे काय होतं हे ज्याला जाणून घ्यायचंय तो माणूस मध्येच उठून जात नाही, हे मी अकरा वर्षं बघत आलो होतो. एवढ्या एकाच गोष्टीची मला खात्री होती आणि तिच्या भरवशावर मी बायकोला ताटकळत ठेवलं. वेडेपणाच होता. भीतीने माझं डोकं ठिकाणावर नव्हतं.

पुढच्या बुधवारी तिला उशीला टेकूनही बसवेना. मी वाचलं. या वेळी घरातले दिवे गेले होते आणि आई काडेपेटी शोधत होती. बायकोने डोळे मिटून ऐकलं. “बास” म्हणाली नाही.

“दार उघडल्यावर आई काय म्हणते हो?”

“पुढच्या बुधवारी.”

“तेवढं एकच वाक्य सांगा ना. कुणाला नाही सांगणार.”

“पुढच्या बुधवारी,” मी म्हटलं. खण माझ्या गुडघ्याला लागत होता.

ती हसली. “मला कळत नाही होय? इतकी वर्षं रेघा कुणी मारायला लावल्या?” मग म्हणाली, “मी बघते थांबून. पण तिला किती वेळ उभी ठेवणार? पाय दुखले असतील पोरीचे.”

सोमवारी दुपारी ती गेली. मी स्वयंपाकघरात तिच्यासाठी पाणी कोमट करत होतो.

बुधवारी मी खणातून ते प्रकरण काढलं. दार उघडल्यावर आईच्या तोंडी मी भलंमोठं भाषण घातलं होतं. त्यात रडणं, माफी, सगळं होतं. बायकोला सांगायला पाच मिनिटंही लागली नसती. ते सगळं खोडलं आणि वर लिहिलं, “ये आत. पाय दुखले असतील.”

मग नेहमीच्या खुर्चीत बसलो आणि पलंगाकडे तोंड करून मोठ्याने वाचायला लागलो. थोरली आत आली, पाणी प्यायली, तिच्या जुन्या खोलीत जाऊन आडवी झाली. लाल पेन्सिल हातात तयार होती. मी सावकाश वाचत होतो, मध्ये मध्ये थांबत होतो. पानं संपली.

मी पहिलं पान वर घेतलं आणि पुन्हा वाचायला सुरुवात केली.