चार बोटं लाल कापड

माझ्या दुकानात आरसा एकच आहे, आणि तोही मी मुद्दाम दाराच्या मागे लावलाय. अंगाने भरलेल्या बाईला आरशासमोर उभं करून माप घेतलं की ती श्वास रोखून पोट आत ओढते, आणि कपडा शिवून झाला की तीच म्हणते, ''टेलरबाई, घट्ट झाला हो!'' घट्ट होणारच. माप श्वास रोखलेल्या बाईचं आणि घालणार श्वास घेणारी. म्हणून मी आधी त्यांना सासूचा विषय काढून देते आणि त्या रंगात आल्या की टेप फिरवते. आकडा वहीत लिहायचा, तारीख टाकायची, वही मिटायची. तीस वर्षांत मी एकाही बाईला तिचा आकडा ऐकवला नाही. या गोष्टीचा मला फार तोरा होता.

वहीतलं पहिलं पान माझ्या ताईचं. ती माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. मी काटकुळी, ती भरलेली. लहानपणापासून मी तिला ढब्बी म्हणायची आणि ती मला काडी. बरोबरीचा मामला आहे असं मला वाटायचं. काडी म्हटलेलं कुणाला लागत नाही, ढब्बी लागतं, हे काडीला कोण सांगणार?

ताई भूमापन कचेरीत नकाशे सांभाळायची. चौतीस वर्षं. कुणाची हद्द कुठे संपते हे तिला तोंडपाठ असायचं, पण स्वतःची हद्द तिने पार मागच्या भिंतीला नेऊन ठेवली होती. दरवर्षी कचेरीचा ग्रुप फोटो निघायचा आणि दरवर्षी ताई शेवटच्या रांगेत, कुणाच्या तरी खांद्याआड. काही फोटोंत नुसतं कपाळ आलंय. कपडे सगळे माझ्या हातचे. काळा, गडद निळा, चॉकलेटी, उभ्या रेघांचा. कोपरापर्यंत बाह्या, कंबर कुठे आहे ते कळू द्यायचं नाही. ''झाकली मूठ सव्वा लाखाची,'' मी म्हणायची. ती हसायची आणि घालायची.

निवृत्तीला आठ महिने राहिले होते, तेव्हा एका दुपारी ती कापड घेऊन आली. लाल. मरून नाही, विटकरी नाही, लालभडक.

''कमरेत बसणारा ड्रेस हवा,'' ती म्हणाली. ''बिनबाह्यांचा. निरोपाच्या फोटोत मी पहिल्या रांगेत मधोमध उभी राहणार आहे.''

''अगं, हा रंग लांबून दिसतो.''

''म्हणूनच घेतलाय.''

''आणि दंड?''

''माझेच आहेत. चोरीचा माल आहे का लपवायला?''

मी माझं ठेवणीतलं वाक्य काढलं. ''आधी थोडी उतर. मग लाल शोभेल.''

ताई रागावली नाही. तिने कापडाची घडी उलगडली आणि खांद्यावरून सोडली. ''काडी, कापडाच्या दुकानात मी हे असंच अंगाला लावून आरशात बघितलं. खूप वेळ बघितलं. मला मी आवडले. आता उतरायबितरायचं नाही. तू माप घे.''

छाती अठ्ठेचाळीस, कंबर चव्वेचाळीस, सीट बावन्न. मी तोंड वाकडं करून लिहिलं. कापताना दोन्ही बाजूंच्या शिवणींत दोन-दोन बोटं जास्तीचं कापड राखलं. आमच्या धंद्यात त्याला माया म्हणतात. बाई पुढे फुगली तर उसवून सैल करता येतं. ताईच्या कपड्यात मी ती कधी विसरले नाही.

काम निवांत चाललं होतं. शाळांचे गणवेश अंगावर पडले होते आणि ताईला घाई नव्हती. दोन महिन्यांनी कच्च्या शिलाईवर पहिली ट्रायल घेतली, तर ड्रेस बाजूने सैल. मी छातीला टेप लावला. सेहेचाळीस.

''ढब्बे, उतरलीस की गं!''

''खरंच?'' ताई म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी आधी कधी बघितलं नव्हतं. एवढ्या वर्षांत मी तिच्या अंगाबद्दल बोललेली ती पहिली चांगली गोष्ट होती.

पुढच्या वेळी साडेचव्वेचाळीस. मी बाजू आत घेतल्या. त्याच्या पुढच्या वेळी बेचाळीस. मी तर नाचायचीच बाकी होते. शेजारच्या इस्त्रीवाल्या बाईंना बोलावून दाखवलं. ताई आरशासमोर वळून वळून बघत होती.

''काय करतेस तरी काय?'' मी विचारलं.

''काही नाही गं. भूकच लागत नाही हल्ली. दोन घास खाल्ले की पोट भरतं.''

''मग चांगलंच आहे की! लोक त्यासाठी जिवाचं रान करतात.''

हे मी म्हणाले. माझ्या याच तोंडाने. 

त्या दिवशी मी पक्की शिलाई मारली. सहा इंच आत घेतल्यावर आत कापडाचा गठ्ठा साठला होता, त्याने बाजूला फुगवटा येत होता. मी कात्री घेतली.

''राहू दे ना आत,'' ताई म्हणाली.

''कशाला? परत तिथे जायचंय का तुला?''

ती हसली. मी कापलं. बगलेपासून घेरापर्यंत, पुढच्या-मागच्या भागाच्या चार लांब पट्ट्या, प्रत्येक चार बोटं रुंद. तीस वर्षांत पहिल्यांदा मी तिच्या कपड्यातली माया कापून टाकली. ताईने त्या पट्ट्यांची गुंडाळी करून पर्समध्ये ठेवली. म्हणाली, ''बक्षीस म्हणून ठेवते.''

माझी भाची, ताईची एकुलती मुलगी, दुसऱ्या शहरात नोकरी करते. ती या खेपेला पाच महिन्यांच्या खंडाने आली आणि थेट दुकानावर आली, कारण ताई तिथे लाल ड्रेस घालून उभी होती. मी पडदा सरकवला आणि म्हणाले, ''बघ तुझी आई!''

भाचीने बघितलं. तिने पुढे होऊन आईच्या गळ्याखालच्या हाडांवर बोट फिरवलं. मग ती माझ्याकडे वळली. ''मावशी, तू हिला रोज बघतेस ना?''

तोपर्यंत मला ती हाडं शोभून दिसत होती. देवाशपथ सांगते, मी तिथे गळा थोडा मोठा केला होता, हाडं दिसावीत म्हणून.

डॉक्टरांनी विचारलं, वजन कधीपासून उतरतंय. ताईच्या घरात वजनकाटा कधी आलाच नाही, तिला त्याचा धाक वाटायचा. भाची इथे नव्हती. मग मी पिशवीतून माझी वही काढली. डॉक्टरांनी पान मोठ्याने वाचलं. तारीख, आकडा. तारीख, आकडा.

''हे तुम्ही लिहिलंय?''

''हो.''

''या काळात काही त्रास सांगितला होता त्यांनी?''

''भूक लागत नाही म्हणाली होती.''

''मग?''

भाची खिडकीबाहेर बघत होती. ताई म्हणाली, ''मीच हसण्यावारी नेलं, डॉक्टर.'' माझ्यावरचं तिने स्वतःवर ओढून घेतलं, तेही दवाखान्याच्या स्टुलावर बसून. डॉक्टरांनी वही परत दिली. रोग पोटात होता आणि पसरलेला होता. चार महिने आधी आला असतात तर, एवढं बोलून ते थांबले. पुढचं मी रोज मनात पुरं करते.

भाची मला वाकडा शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

निरोपाच्या समारंभाला तीन आठवडे असताना ताईने मला घरी बोलावलं. ती पलंगावर उशीला टेकून बसली होती. ड्रेस कपाटाच्या दाराला टांगलेला.

''हा उसव,'' ती म्हणाली.

''बसत नाही का? अजून आत घेऊ?''

''आत नाही. बाहेर. पहिल्या मापाचा कर. अठ्ठेचाळीस.''

मला वाटलं, औषधांनी डोकं जड झालंय. ''ताई, तो अंगावर लोंबेल.''

''लोंबू दे. हा तू आजाराच्या मापाचा केलायस. आजाराचं कौतुक पुरे झालं. ज्या बाईने हे कापड घेतलं ना, तिला मला पुढच्या रांगेत न्यायचंय. ती चांगली होती गं, काडी. तू एकदाही म्हणाली नाहीस.''

मी पलंगाच्या कडेला बसले. म्हणायला हवं होतं ते सगळं राहिलं आणि बाहेर आलं ते भलतंच. ''कापड नाहीये आत. मी कापून टाकलं.''

''माहीत आहे,'' ताई म्हणाली. ''पर्स दे माझी.''

गुंडाळी तशीच होती, तिच्याच केसांच्या रबराने बांधलेली.

दुसऱ्या दिवशी मी दुकानाचं दार अर्धं लोटून घेतलं. गिऱ्हाइकं दारातून डोकावली आणि माझं तोंड बघून माघारी गेली. शिवण उसवली. पट्ट्यांना इस्त्री केली. कुठली कुठल्या बाजूची ते कापडाच्या काठावरच्या माझ्याच खडूच्या खुणांवरून लावलं. कापलेलं जोडता येतं, पण जोड दिसतो. कितीही बारीक टाका घातला तरी दिसतो. दोन्ही कुशींना वरपासून खालपर्यंत दोन-दोन रेघा उमटल्या. एरवी असं काम मी गिऱ्हाइकाच्या हातात दिलं नसतं. बाजू जोडल्या आणि टेप लावला. अठ्ठेचाळीस भरले. मी ड्रेस मांडीवर घेऊन बसले, त्यात तोंड खुपसलं आणि भोकाड पसरलं.

समारंभ कचेरीच्या दुसऱ्या मजल्यावरच्या हॉलमध्ये होता. ताईला खुर्चीत बसवून वर नेलं. ड्रेस तिच्या अंगावर खुंटीला टांगल्यासारखा होता, आणि दंड, ज्यांना मी तीस वर्षं बाह्यांत कोंडलं, ते आता उघडे होते आणि दाखवायला उरले नव्हते. नोंदणी विभागातल्या एक बाई टाळी वाजवत आल्या. त्यांना कुणी काही सांगितलं नसावं.

''अय्या, काय बारीक झालात हो! आम्हालाही सांगा ना, काय केलंत?''

मी मान खाली घातली. हे माझंच वाक्य होतं, फक्त तोंड दुसरं.

''तुम्ही नका करू,'' ताई म्हणाली. ''तुम्ही आहात तशा छान आहात.''

फोटोसाठी ती हट्टाने उभी राहिली. पहिल्या रांगेत, मधोमध, खुर्चीची पाठ धरून. फोटोग्राफरने कॅमेऱ्यातून बघितलं आणि म्हणाला, ''मॅडमचा ड्रेस जरा ढगळ दिसतोय. मागून दोन पिना लावता का कुणी?''

पिना माझ्या गळ्यापाशी कायम टोचलेल्या असतात. सवयीने माझा हात गेला, मी पुढे झालेही, आणि कापडाची चुणी धरली. ताईने मागे हात घालून माझं मनगट पकडलं. बोटांत काही जोर उरला नव्हता.

''हात लावायचा नाही,'' ती म्हणाली. मग फोटोग्राफरला, अगदी कचेरीतल्या आवाजात, ''ड्रेस मापाचा आहे. मी कमी पडतेय. तुम्ही काढा.''

फोटो आला तेव्हा ताई नव्हती. एकोणीस दिवस कमी पडले. भाचीने एक प्रत मला पाठवली, सोबत चिठ्ठी वगैरे नाही. फोटोत आधी लालच दिसतो. मी तो दुकानात लावलाय, आणि आरसा दाराच्या मागून काढून त्याच्या शेजारी आणलाय.

परवा एक शाळेतल्या बाई आल्या. जुन्या गिऱ्हाईक. आल्या आल्या हात पसरून उभ्या राहिल्या. ''बघा टेलरबाई, ओळखलंत का? सगळे कपडे सैल झालेत!''

मी टेप फिरवला. वही उघडली. आणि तीस वर्षांत पहिल्यांदा आकडा मोठ्याने वाचला. ''मागच्या वेळी सेहेचाळीस. आज बेचाळीस. मध्ये चार महिने. भूक लागते का तुम्हाला?''

''काय?''

''जेवण जातं का? खरं सांगा.''

''अहो, जातं म्हणजे काय! वखवखलेली असते मी. रोज पहाटे उठून टेकडी चढते, गोड बंद केलंय, स्वप्नातसुद्धा खाते हो!''

माझ्या हातातला टेप गळून पडला. मी स्टुलावर बसले आणि त्यांच्यासमोर ढसाढसा रडायला लागले. त्या बिचाऱ्या घाबरल्या. खाली वाकून त्यांनी टेप उचलून माझ्या हातात दिला, मला पाणी आणून दिलं, आणि काय बोलावं ते न सुचून म्हणाल्या, ''टेलरबाई, रडू नका हो. वाढेन मी परत.''