लाभाला आकडा नसतो

मित्रांनो, मला मागे जाता येत नाही. आधी हे ध्यानात घ्या, म्हणजे पुढचं कळेल. मुठीत मावेल एवढा, पत्र्याचा, अंगठ्यानं दाबायचा मोजणीचा काउंटर आहे मी. एकदा दाबलं की टक्क करतो आणि एक वाढवतो. वजाबाकी मला शिकवलेलीच नाही. माझ्या पोटात चार चाकं आहेत, म्हणजे चार आकडे. माझी अक्कल तिथवरच.

कोइम्बतूरच्या एका छोट्या कारखान्यात मी तयार झालो. तिथून तंजावरात देवळाजवळच्या एका दुकानी आलो. माझे भाऊबंद जप मोजायला गेले, काही लग्नमंडपांच्या दारात जेवणाऱ्यांची पंगत मोजायला गेले. माझ्या नशिबी कासवं आली.

तिरुवैयारुच्या पुढे, नदीच्या वाळूत, मऊ पाठीची कासवं अंडी घालायला येत. गोल, पांढरी, गोटीएवढी अंडी. कोल्हे, कुत्री आणि माणसं मिळून ती फस्त करत. म्हणून सरकारी मदतीनं एक प्रकल्प निघाला. अंडी उकरून आणायची, काठावर जाळीचं कुंपण घालून वाळूत पुरायची, पिल्लं निघाली की नदीत सोडायची. प्रकल्पाच्या प्रमुख सौम्या मॅडम तेव्हा नुकत्याच शिकून आलेल्या होत्या. त्यांनी मला विकत घेतलं आणि पहिल्याच दिवशी माझ्या कुशीतली शून्यावर आणायची किल्ली एम-सील लावून बुजवून टाकली. आकड्यात कुणी लबाडी करू नये म्हणून. मग मला गुरुमूर्तीरावांच्या हातात दिलं.

गुरुमूर्तीराव म्हणजे आमचे राखणदार. तंजावरच्या राजवाड्यामागच्या गल्लीत राहायचे, घरात जुन्या वळणाचं मराठी बोलायचे, बाहेर तमिळ. मराठी वाचता येत नव्हतं, पण म्हणी मात्र आजीकडून आलेल्या, जशाच्या तशा. रोज पहाटे मोपेडवरून नदीवर यायचे. त्यांचे वडील त्रिभुज प्रदेशातल्या एका खेड्यात खळ्यावर भात मापायचे. माप भरताना ते कधी ‘एक’ म्हणत नसत. पहिल्या मापाला म्हणायचं ‘लाभ’. मग दोन, तीन, चार. ही रीत तमिळांचीही आहे आणि आपलीही. पण या घरात आणखी एक भर होती. लाभाचं माप वेगळं ओतायचं, ते पाखरांचं. त्याला आकडा लावायचा नाही.

आता झालं काय, की पहिल्या घरट्याची पिल्लं निघाली तेव्हा गुरुमूर्तीरावांनी पहिलं पिल्लू तळहातावर घेतलं, "लाभ" म्हणाले आणि मला दाबलंच नाही. त्याला पाण्यात सोडलं. दुसऱ्याला "दोन" म्हणाले आणि तेव्हा माझा पहिला टक्क झाला. म्हणजे त्यांच्या तोंडी दोन आणि माझ्या तोंडावर एक. प्रत्येक घरट्याला असंच. दर घरट्यामागे एक पिल्लू माझ्यातून निसटायचं.

त्या लाभाच्या पिल्लाला एक खूण मात्र ते करायचे. त्यांच्याकडे बसच्या कंडक्टरचा तिकीट टोचायचा जुना चिमटा होता. पिल्लाच्या पाठीची मागची कड मऊ असते, तिला त्यानं एक बारीक खाच पाडायची. नावाडी मणी हे बघून खिदळायचा.

"रावजी, कान टोचलेत, आता बारसंही उरकून घ्या. मी पाळणा आणतो."

"मोठं होऊन परत येईल तेव्हा तुलाच आत्या करतो," राव म्हणायचे.

कारण त्यांना एकच गोष्ट हवी होती. त्यांनी ती पहिल्याच हंगामात बायकोला, सुंदरीबाईंना सांगितली. मी तेव्हा त्यांच्या खिशात होतो, म्हणून ऐकली. "हजारभर नको मला. मी सोडलेलें एक पिल्लूं मोठें होऊन इथें अंडीं घालायला आलें, म्हणजे मी जिंकलों."

सुंदरीबाई ताटात भात वाढत होत्या. त्या म्हणाल्या, "तंवर वाळू राहील कां तिथें?"

मित्रांनो, सगळ्या प्रकल्पात खरा प्रश्न फक्त या बाईनं विचारला, आणि तोही भात वाढता वाढता. तो कुणी लिहून घेतला नाही.

सौम्या मॅडम वाईट नव्हत्या, हेही सांगतो. त्यांनी पहिल्या वर्षी वहीत दोन रकाने आखले होते. ‘सोडलेली’ आणि ‘परत आलेली’. दुसरा रकाना रिकामाच राहणार, आठ-दहा वर्षं रिकामा राहणार, हे त्यांना ठाऊक होतं. तरी आखला. चौथ्या वर्षी वरून नवा छापील फॉर्म आला. त्यात एकच रकाना. मॅडम फोनवर दोन दिवस भांडल्या. त्यांना सांगण्यात आलं की रिकामा रकाना दिसला की पैसे देणारे घाबरतात. तिसऱ्या दिवशी त्यांनी सही केली.

पाचव्या वर्षी त्यांच्या लक्षात आलं की अंड्यांची फुटकी कवचं आणि माझा आकडा जुळत नाही. दर घरट्याला एक कमी. त्यांनी रावांना बोलावून विचारलं. रावांनी खळं, माप, लाभ, पाखरं, सगळं सांगितलं. मॅडम आधी हसल्या. मग म्हणाल्या की सार (तिकडे ‘सर’ला असंच म्हणतात), हे भात नाही, ही शास्त्रीय मोजणी आहे, पहिल्यालाही दाबा. राव म्हणाले की पहिलं आपलं नसतं, त्याला आकडा लावायला हात वळत नाही. बरीच घासाघीस झाली. शेवटी मॅडमनी कपाळाला हात लावला.

"राहू द्या. कमीच दिसतायत, जास्त तर नाही ना."

असा मी वाढत गेलो. हजार, दोन हजार, पाच हजार. शाळेची मुलं यायची, पिल्लांना हातात घेऊन फोटो काढायची, माझ्याकडे बघून टाळ्या वाजवायची. वर्तमानपत्रात माझा फोटो आला. खोटं कशाला बोलू, मला मजा वाटायची. आकड्याला फुगायला काय लागतं? आणि मी फुगत असताना माझ्या समोरच दुसरा एक आकडा आटत होता, तो मोजायला कुणी काउंटर आणला नाही. पहिल्या वर्षी त्या वाळूत बासष्ट घरटी सापडली होती. सहाव्या वर्षी चाळीस. दहाव्या वर्षी अठरा. बाराव्या वर्षी नऊ.

का, ते सांगतो. वाळूवर लॉऱ्या येत होत्या. आधी चोरून, मग उजळ माथ्यानं. कुंपणाच्या आत आम्ही पिल्लं उबवत होतो आणि कुंपणाच्या बाहेर नदी पोखरली जात होती. रावांनी तीन अर्ज दिले. तिसऱ्या अर्जानंतर त्यांच्या मोपेडच्या दोन्ही चाकांची हवा कुणीतरी सोडली. ते मोपेड ढकलत घरी गेले. सुंदरीबाई म्हणाल्या, "पिल्लें सोडलीं, पिल्लें सोडलीं म्हणतां तुम्ही. वाऱ्यावर सोडलीं म्हणा कीं."

राव जेवले नाहीत त्या दिवशी. एकच शब्द तो. हातातून सोडणं आणि वाऱ्यावर सोडणं. फॉर्मवर दोन्ही सारखंच दिसतं.

बाराव्या वर्षी मी ९९९९ वर आलो, आणि प्रकल्पानं जाहीर केलं की दहा हजारावं पिल्लू समारंभानं सोडायचं. मांडव पडला. सनईसारखं वाजणारं नादस्वरम् आलं. व्यासपीठावर पाहुणे बसले आणि त्यात लॉऱ्यांचे मालकही बसले होते, गळ्यात हार घालून, पहिल्याच रांगेत. वाळू नेणारे आणि पिल्लं सोडणारे एकाच मांडवात, एकाच नारळाचं पाणी पीत. मी पत्र्याचा आहे म्हणून मला लाज नसेल असं समजू नका.

मोठ्या पाहुण्यांनी पिल्लू पाण्यात ठेवलं. मला उचलून कॅमेऱ्यासमोर धरलं आणि दाबलं.

टक्क.

माझ्याकडे चारच चाकं. ९९९९ च्या पुढे मी काय दाखवणार? चारही चाकं फिरली आणि मी ०००० दाखवलं.

कुजबुज झाली. पाहुण्यांनी मला उलटसुलट करून बघितलं, हलवलं, कानाला लावलं. कुणीतरी म्हणालं, मशीन बिघडलं. मागून मणी म्हणाला, बिघडलं कुठे, बारा वर्षांत आजच बरोबर चाललं. मागच्या दोन-चार ओळी हसल्या. मग नादस्वरम् मोठ्यानं वाजलं आणि भाषणात प्रकल्प यशस्वी झाल्याचं सांगितलं गेलं. यशस्वी म्हणजे संपला. पुढच्या महिन्यात कुंपणाची जाळी काढून नेली. सौम्या मॅडमची बदली झाली. जाताना त्यांनी मला भंगाराच्या खोक्यातून काढलं आणि रावांच्या हातात ठेवलं.

राव एका कल्याण मंडपाच्या, म्हणजे लग्नाच्या कार्यालयाच्या, दारावर राखणदार झाले. मी सुंदरीबाईंच्या शिवणाच्या डब्यात, बटणांच्या सोबतीला. दोन वर्षं माझ्यावर गंज चढला. पण दर रविवारी राव मला खिशात घालून नदीवर जायचे. कशाला, असं सुंदरीबाईंनी विचारलं नाही. डबा मात्र भरून द्यायच्या.

त्या रविवारी पोंगल होऊन आठवडा झाला होता. उजाडत होतं. मणी होडी बांधत होता, राव काठावर बसले होते. पाण्यातून एक डोकं वर आलं. मग नाक, लांबट, नळीसारखं. मग ती अख्खी बाहेर आली. परातीएवढी पाठ, ओली, शेवाळी. ती आमच्या पुढून सरपटत वर गेली आणि तिच्या पाठीची मागची कड आम्हाला दिसली.

कडेला खाच होती. पिल्लाबरोबर वाढत वाढत अर्ध्या चंद्रासारखी झालेली.

मणी होडीचा दोर तसाच टाकून जवळ आला. राव उठले नाहीत. त्यांचा हात खिशात गेला आणि मी त्यांच्या मुठीत आलो.

"लाभ," ते म्हणाले. आणि चौदा वर्षांत पहिल्यांदा, लाभाला त्यांनी मला दाबलं.

टक्क. ०००१.

मित्रांनो, ती माझ्या दहा हजारांतली नव्हती, हे लक्षात आलं का तुमच्या? मी मोजलेल्या दहा हजारांतलं परत आलेलं मी एकही पाहिलं नाही. असतीलही आली, त्यांना खूण नव्हती, कुणाला कळणार? कळली ती एवढी एकच, आणि तिला मी मोजलंच नव्हतं. तिला पाखरांच्या वाट्याचं म्हणून सोडलं होतं.

इथंच थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण मी खोटं सांगणारा काउंटर नाही.

ती वर चढली. जिथं कुंपण होतं तिथं आली. मागच्या पायांनी उकरायला लागली. वरची चार बोटं वाळू निघाली आणि खाली चिकणमाती लागली, विटेसारखी कडक. बाकीची सगळी वाळू लॉऱ्यांनी नेली होती. ती पुढे सरकली, परत उकरलं. परत माती. तिसऱ्यांदा ती लॉरीच्या चाकोरीत उतरली. तिथं तर पायसुद्धा रुतेना. राव धावले. जिथं थोडी वाळू होती तिथली ओंजळींनी उचलून तिच्यापुढे ढीग करायला लागले. मणीही त्याच्या टोपलीनं आणायला लागला. माणसाची चाहूल लागली, ती बिचकली आणि वळली. पाण्यात गेली.

"आता पाण्यातच घालेल ती," मणी म्हणाला. पाण्यात पडलेलं अंडं उबत नाही, सडतं. हे दोघांनाही माहीत होतं.

रावांनी तिथूनच सौम्या मॅडमना फोन लावला. आली होती म्हणून सांगितलं. खाच होती म्हणून सांगितलं. गेली, हेही सांगितलं.

"तो दुसरा रकाना मी काढायला नको होता, सार," मॅडम म्हणाल्या.

राव म्हणाले, "रकाना असता तरी आज त्यात काय लिहिलं असतं, मॅडम? आली? का गेली?"

फोन ठेवल्यावर त्यांनी मला हातात घेतलं आणि माझ्या कुशीतल्या एम-सीलवर नख घासायला लागले. मला पुन्हा शून्यावर न्यायचं होतं त्यांना. नख तुटलं. सील हललं नाही.

आता मी त्यांच्या घरी देवाच्या फळीवर आहे. कुणी चुकून दाबू नये म्हणून सुंदरीबाईंनी माझ्याभोवती दोरा गुंडाळलाय. तुम्ही कधी आलात तर मला उचलून बघा, पण दाबू नका. आणि तुमच्या गावात कुणी मोठा आकडा दाखवायला लागलं, इतकी झाडं लावली, इतकी पाखरं सोडली, इतके मासे सोडले, तर टाळी वाजवण्याआधी सुंदरीबाईंसारखं एकदा विचारा. परत आली तर त्यांना जागा ठेवलीय का?

माझ्यावर अजून ०००१ आहे. ती आली होती, एवढंच ते सांगतं. गेली, हे मला दाखवता येत नाही.