माझ्या खांद्यातला बाक

मी एक जुनी चायका आहे. मित्रांनो, आमच्या नदीवर जो पांढरा कुरव पक्षी घिरट्या घालतो त्याला इथली माणसं चायका म्हणतात. पूर्वीच्या मोठ्या लढाईत एका लढाऊ विमानाचे पंख हुबेहूब त्या पक्ष्यासारखे होते, म्हणून त्यालाही तेच नाव पडलं. मी त्या विमानाची वीतभर नक्कल आहे. मला खेळणं म्हणाल तर याद राखा. प्लास्टिकची पोकळ विमानं दुकानात ढिगाने मिळतात. मी नाकापासून शेपटीपर्यंत भरीव राळेची आहे. हातात घ्या, मग कळेल.

शिकलेली म्हणाल तर मी मुळीच नाही. माझ्या शेपटीवर एक आकडा रंगवलेला आहे, तो कोणता हेसुद्धा मला वाचता येत नाही. पण माझा आकार काय आहे हे मला पक्कं ठाऊक आहे, आणि या घरात ते आता माझ्याशिवाय कुणालाच ठाऊक नाही. म्हणून बोलते.

माझा जन्म रबरी साच्यात झाला. दोन बाटल्यांतली पातळ द्रव्यं पेल्यात ढवळायची आणि ती घट्ट व्हायच्या आत साच्यात ओतायची. साचा हीच आम्हा राळेच्या जिनसांची आई. तिने एकदा जो आकार दिला तो राळ विसरत नाही. वरून कुणी कितीही वाकवो, आतून ती आईचंच ऐकते. हे लक्षात ठेवा.

मला ओतणारा माणूस मला जोडायच्या आधीच वारला. त्याच्या विधवेने माझे सगळे सुटे तुकडे एका पिशवीत भरले आणि कवळीचं माप द्यायला गेली तेव्हा ती पिशवी रोदिओनच्या हातात ठेवली. "घ्या, माझ्या घरात नुसती जागा अडवतात," म्हणाली. पिशवीत एक कागद होता. त्यावर मी वरून कशी दिसते आणि बाजूने कशी दिसते याची चित्रं होती. समोरून कशी दिसते ते चित्र नव्हतंच. सगळं तिथेच हुकलं.

रोदिओन हा आमच्या गावचा कवळ्या बनवणारा. अर्ध्या गावाच्या तोंडात त्याची करामत आहे. राळ, मेण, साचे यांत त्याचा जन्म गेला, तेव्हा एवढंसं विमान जोडायला आपल्याला कुणाला विचारायची गरज नाही अशी त्याची समजूत. त्याने पिशवी घरी नेली ती आईसाठी.

त्याची आई रुफिना सावेल्येव्ना. अशी बाई मी दुसरी पाहिली नाही. डोळे जवळजवळ गेलेले, पण पाठ ताठ आणि जीभ त्याहून ताठ. स्वयंपाकघरात खिडकीपाशी तिची खुर्ची असे. तिथून ती मुलाला, सुनेला आणि बाहेरच्या कावळ्यांना सारखंच रागवायची.

"आई, ओळख काय आणलंय," रोदिओनने पिशवी तिच्या मांडीवर ठेवली. "चायका. निकांद्रमामाचं विमान. जोडून देतो तुला."

निकांद्र हा तिचा थोरला भाऊ. लढाईच्या पहिल्याच उन्हाळ्यात उडाला तो परत आला नाही. ना विमान सापडलं, ना तो. सरकारने बेपत्ता म्हणून कळवलं. फोटो एकच होता, तो घरासकट जळाला.

रुफिनाने पिशवीवर हात ठेवला आणि मुलाला रागवायचं विसरली. तिच्या बाबतीत ही मोठीच गोष्ट.

"त्याने मला खालच्या पंखावर उभं केलं होतं," ती म्हणाली. "दूध घेऊन गेले होते मी. घसरेन म्हणून वरच्या पंखाला धरलं. तो पंख खांद्यातून असा वाकून अंगाशी येतो बघ, मान खाली घातल्यासारखा. त्या बाकात माझा हात होता. आणि निकांद्र माझ्याकडे बघून हसत होता." मग ती थांबली. "रोद्या, त्याचा चेहरा मला आठवत नाही रे. डोळे जायच्या आधीच गेला तो. पण हाताला ती जागा आठवते. एकदा तिथे हात ठेवला की चेहराही येईल."

"येईल, येईल. तू फक्त बघत राहा."

"बघत राहा म्हणे! आंधळीला सांगतो."

मित्रांनो, तिला माझ्याकडून एवढंच हवं होतं. मानपान नको, काचेचं कपाट नको. एक बाक, आणि त्या बाकातून एक चेहरा.

मग माझं जोडकाम सुरू झालं. रोदिओनचा हात चांगला, मी नाही म्हणणार नाही. साच्याचा तेलकटपणा राहिला तर रंग धरत नाही, म्हणून त्याने माझा एकेक तुकडा साबणाने, दातांच्या जुन्या ब्रशने घासून धुतला. राळ साच्यात जिथून शिरते तिथे एक ठोकळा उरतो. ते ठोकळे त्याने बारीक करवतीने कापले आणि तोंडाला फडकं बांधून पॉलिश पेपरने घासले. त्याच्या बायकोने, तायाने, दोनदा भांडी आपटली.

"सारात पांढरी धूळ येतेय, रोद्या! हे विमान आपल्याला पाजणार आहेस का?"

"मग चव तरी येईल त्याला," रुफिना खुर्चीतून म्हणाली.

माझ्या अंगावरचे बुडबुड्यांचे खड्डे त्याने टाचणीच्या टोकाने राळ सोडून भरले. चाकांचे पाय बसवताना एका राळेच्या पायाकडे बघून जरासा थबकला, की एवढं भरीव वजन हे पेलतील का? पण बसवले. तारेचे करायचा कंटाळा केला.

आणि मग वरच्या पंखाची पाळी आली. त्याने तो टेबलावर ठेवला. मधोमध खाली वाकलेला, दोन्हीकडे वर चढून पसरलेला. माझा सगळ्यात देखणा भाग.

"साच्यातून काढताना वाकलाय," रोदिओन म्हणाला. "राळेची ही खोडच. कवळ्यासुद्धा अशाच वाकतात."

"काय वाकलंय?" रुफिनाने विचारलं.

"पंख. सरळ करतो."

"मी तुला सांगितलं ना, तो वाकलेलाच असतो म्हणून."

"आई, तू तेव्हा आठ वर्षांची होतीस. हे बघ, पुस्तकात फोटो आहे. दोन पंख, जाडं नाक, सगळं हेच. आणि पंख फळीसारखा सरळ."

तो फोटो माझ्या मधल्या बहिणीचा, म्हणजे माझ्याआधी निघालेल्या विमानाचा होता. तशीच दिसते ती, पण तिचे पंख सरळ. नाव वेगळं, ते फोटोखाली लिहिलेलंही असेल. पण माणसाला हवं ते सापडलं की तो खालचं वाचत नाही.

"माझी कवळी बसवलीस तेव्हाही असंच म्हणालास," रुफिना म्हणाली. "कवळी बरोबर आहे, तुझंच तोंड चुकतंय. महिनाभर हिरडी सोलली माझी."

"आणि आता त्याच कवळीने मला चावतेस! बसली ना शेवटी?"

"कवळी नाही बसली. हिरडी झिजली."

ताया हसली, तोही हसला. रुफिना मात्र हसली नाही. तिने तोंड खिडकीकडे वळवलं. एकदा सांगितलेलं पुन्हा सांगणं हे तिच्या रक्तातच नव्हतं. आणखी एकदा सांगितलं असतं तर? मला वाटतं, तरी त्याने केलंच असतं. मायेने केलेल्या कामात माणूस कुणाचं ऐकत नाही.

त्याने पातेल्यात पाणी उकळलं. माझा पंख त्यात धरला. मी मऊ झाले. मग त्याने मला पोळपाटाएवढ्या सपाट फळीवर दाबलं, वर जाड पुस्तक ठेवलं आणि गार पाण्याने थिजवलं. पंख सरळ झाला. त्याने तो डोळ्यासमोर धरून एक डोळा मिटून पाहिला आणि खूश झाला.

अंगावर बसवताना पंख आणि पाठ यांच्यामध्ये फट पडली. बोट जाईल एवढी. फट पडली की माणसाला शंका यावी. त्याला शंका आली नाही, भरण सुचलं. कवळीच्या हिरड्यांसाठी जो गुलाबी मसाला वापरतात तो त्याने त्या फटीत ठासून भरला आणि घासून गुळगुळीत केला. वरून हिरवा रंग, पोटाला आकाशी, पंखांवर लाल तारे. शेजारीपाजारी येऊन वाहवा करून गेले. दवाखान्यातला डॉक्टर तर म्हणाला, "रोदिओन, तू दातांत वाया गेलास!" मी गप्प बसून ती स्तुती ऐकली. माझ्या मानेत गुलाबी हिरडी भरलेली होती आणि लोक म्हणत होते, काय हुबेहूब!

लढाई जिंकल्याचा सण मे महिन्यात येतो. त्या दिवशी गेलेल्यांसाठी व्होडकाचा भरलेला पेला आणि त्यावर काळ्या पावाचा तुकडा ठेवतात. रुफिनाच्या घरी दरवर्षी तिच्या नवऱ्याचा पेला असे. भावाचा कधीच नसे. "बेपत्ता माणसाचा पेला ठेवत नाहीत," ती म्हणायची. "आला तर स्वतःच्या हाताने पिईल."

त्या दुपारी टेबलावर उकडलेले बटाटे, खारवलेला मासा, काकड्यांचं लोणचं मांडलं होतं. रोदिओनने इस्त्रीचा सदरा घातला होता. त्याने मला आईच्या पुढ्यात ठेवलं आणि तिचे दोन्ही हात धरून माझ्यावर आणले.

तिची बोटं नाकावरून फिरली, पात्यांवरून फिरली. "हे बरोबर," म्हणाली. शेपटीवरून फिरली. "हेही." मग तिने उजवा तळवा माझ्या वरच्या पंखाच्या टोकावर ठेवला आणि हळूहळू मधे आणला. बाक शोधत. तो मिळाला नाही. तळवा सरळ पलीकडच्या टोकाला गेला. तो परत आला. पुन्हा गेला. मी सगळी ताकद लावून मान वाकवायला बघत होते, मित्रांनो. पण रंगवलेल्या, चिकटवलेल्या वस्तूची ताकद ती काय असणार.

"हे काय आहे?" तिने विचारलं.

"चायका, आई. निकांद्रमामाची."

"ही फळी आहे."

"अगं, पुस्तकात बघून केलीय."

"मग पुस्तकाचा भाऊ असेल. माझा नाही."

रोदिओन उठला आणि सिगरेट ओढायला जिन्यात गेला. ताया त्याच्यामागे गेली. उघड्या दारातून तिचं बोलणं ऐकू आलं, "मनाला लावून घेऊ नकोस. आईंचे हात आता बधिर झालेत. त्यांना काय कळतंय?"

रुफिनाचे हात अजून माझ्यावरच होते. बधिर! तिला माझ्या रंगाखालचा ब्रशचा केससुद्धा लागत होता. ती पुटपुटली, "नाही आला." मी ऐकलं. दुसऱ्या कुणी नाही.

मुलगा परत आल्यावर ती म्हणाली, "रोद्या, अजून एक पेला आण."

"कुणासाठी?"

"निकांद्रसाठी. आणि पाव जाड काप. पातळ तुकडा त्याला चालायचा नाही."

त्या दिवसानंतर तिने मला हात लावला नाही. तिने भावाचं नावही काढलं नाही. उन्हाळाभर ती त्या खुर्चीत बसली, पण कावळ्यांना रागवेनाशी झाली. शरदात तिने अंथरूण धरलं. तिची खोली स्वयंपाकघराला लागूनच, मधे पातळ भिंत.

मला स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवलं होतं. खिडकीखाली खोली उबदार ठेवणारा गरम पाण्याचा लोखंडी नळ. थंडी सुरू झाली की साऱ्या गावाच्या घरांत असे नळ तापतात. त्या वर्षी फारच तापले. दिवसरात्र माझ्या अंगाला ती ऊब लागत होती आणि मला माझी आई आठवायला लागली. तीच, रबरी साचा.

मित्रांनो, काय सांगू तुम्हाला! माझा पंख हलायला लागला. रोज केसभर. मधे खाली, कडांना वर. वरचा-खालचा पंख जोडणाऱ्या काड्या एकेक करून निखळल्या. आणि एका दुपारी गुलाबी हिरडी तडकली आणि टणकन फरशीवर पडली. माझा पंख माझ्या पाठीला येऊन टेकला. फट नव्हती. कुठेच नव्हती. खांद्यातला बाक परत आला होता. भिंतीपलीकडे रुफिना जागी होती. मला वाटलं, आता. आता कुणीतरी मला उचला आणि तिच्या हाताखाली द्या.

त्याच उबेने माझे राळेचे पायही फाकले होते. पोट टेकून मी बसले होते, उतारवयात गुडघे गेलेल्या बाईसारखी.

"अगं बाई, हिला काय झालं!" ताया म्हणाली.

रोदिओन आला. त्याने मला उचललं. पंख पाठीला किती नेटका बसलाय ते त्याला दिसलं नाही, कारण तो बिघाड शोधत होता. "उष्णतेने वाकडी झाली," म्हणाला. "राळच हलकी."

"आईंना सांगू?"

"छे. मुळात आवडली नव्हती. आता मोडली म्हणून कळलं तर तेवढाच जीव दुखेल तिचा."

तेवढ्यात भिंतीपलीकडून रुफिनाचा बारीक आवाज आला. "काय पडलं रे?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. "काही नाही, आई," रोदिओन म्हणाला. "चमचा पडला."

आमच्याकडे म्हणतात, चमचा पडला की घरी बाई येते आणि सुरी पडली की पुरुष येतो.

"चमचा काय पाडतोस मेल्या," ती म्हणाली. "सुरी पाडायची होतीस."

हे तिचे मी ऐकलेले शेवटचे शब्द. रोदिओनने मला बुटांच्या खोक्यात घालून कपाटावर ठेवलं. नदीचा बर्फ फुटायच्या आधी ती गेली. चेहरा सापडल्याशिवाय गेली. तिचा हात आणि माझा बाक यांच्यामध्ये एक भिंत होती आणि दोन माणसांची माया होती. भिंत एखादवेळी फोडता आली असती.

आज पुन्हा सणाचा दिवस आहे. टेबलावर तीन पेले मांडलेत, नवऱ्याचा, निकांद्रचा आणि तिचा. रोदिओनने सकाळीच मला खोक्यातून काढलं. त्याचे डोळे लाल आहेत. मला पेल्यांशेजारी ठेवायचं त्याच्या मनात आहे. त्याने माझा पंख अलगद सोडवून हातात घेतला, बाकावरून अंगठा फिरवला आणि जीभ टाळ्याला लावून चुकचुकला.

"आईसाठी एकदा नीट करून टाकतो," तो तायाला म्हणाला.

पातेलं चुलीवर चढलंय. पाण्यात बारीक बुडबुडे दिसायला लागलेत, म्हणून घाईने सांगते. मित्रांनो, तुमच्या घरात कुणी वाकडं दिसलं, म्हातारं असो, मूल असो, नाहीतर माझ्यासारखी मुकी वस्तू असो, तर त्याला सरळ करायला धावू नका. त्याच्याजवळ बसा. त्याला विचारा, तू असाच आहेस का? आणि त्याने एकदा सांगितलं तर तेवढ्या एकदाच सांगण्यावर विश्वास ठेवा. सगळ्यांना दुसऱ्यांदा सांगता येत नाही.

पाणी उकळलं.