थंडी सोसणारी निलगिरी

शीतकक्षात एकोणीस रोपं होती. सगळ्यात उंच चौतीस सेंटिमीटर, सगळ्यात बुटकं एकवीस. तापमान चार अंश, आठवडा सहावा.

चेन्नईजवळ आवडी गावातल्या आमच्या नर्सरीत भीमसेनरावांनी अकरा वर्षं खपून हा निलगिरीचा संकर केला होता. आई लाल फुलांची, बाप बर्फ सोसणारा. डोंगरावरच्या बागांसाठी शोभेचं झाड. आईचं झाड डिसेंबरच्या वादळात पडलं, बीही संपलं. उरली ती ही एकोणीस. सहा आठवडे गारठ्यात मुरवायची, मग तीन तास उणे सहा अंशांत ठेवून पानांतून किती क्षार गळतात ते मोजायचं. गळती पन्नास टक्क्यांवर गेली की रोप मेलं.

भीमसेनराव मैलापूरच्या इस्पितळात होते. डॉक्टरांनी उपचार थांबवले होते.

“जगेल त्याचं नाव तुळसी,” ते मला म्हणाले.

“निलगिरीला तुळसी?” त्यांची बायको संत्रं सोलत म्हणाली. “लोक हसतील.”

“हसू देत. चाळीस वर्षं तू हसतेसच की.” मग माझ्याकडे वळून, नेहमीच्या तमिळ लाडाच्या ‘मा’सकट, “एकदा बघायला मिळाली असती रेवा मा, रोपं.”

इस्पितळात कुंड्या घेऊन रविवारीच आत सोडणार होते आणि शनिवारपासून नर्सरी बंद. म्हणून शुक्रवारी सकाळीच कुंड्या वेलचेरीला माझ्या गॅलरीत आणल्या. जानेवारी होता, खाली वॉचमन माकडटोपी घालून बसलेला. सहा आठवड्यांची सवय दोन दिवसांत जाणार नाही, असं मी धरून चालले. थर्मामीटर पाहिला नाही.

रविवारी भीमसेनरावांनी एकेक पान बोटांत धरून वाकवलं. शेंडे पोपटी झाले होते, उबेत नवी पालवी धरू लागल्यासारखे.

“बाहेर कधी काढलीस?”

“शुक्रवारी सकाळी.”

त्यांनी बोटांवर दिवस मोजले.

“छान आहेत हो,” तुळसीबाई म्हणाल्या. “माझं नाव यातल्या कुठल्याला?”

“बघू. परीक्षा आहे अजून त्यांची.”

त्या पाणी आणायला गेल्या तेव्हा भीमसेनरावांनी मला जवळ बोलावलं. “माझ्यासाठी केलंस मा, कळतंय. टेस्ट ठरल्या दिवशीच कर. आकडा मला सांग. तिला नको.”

मंगळवारी टेस्ट केली. उणे सहा अंश, तीन तास. एकोणीस रोपांची सरासरी गळती ८८.४ टक्के, सगळ्यात कमी ८१.२.