एकेचाळिसाव्या नंबरावर

शर्टाच्या दुसऱ्या बटणाखाली वाळलेला पिवळा ठिपका — अंड्याचा, आज सकाळचाच. आधी गार पाणी, गरम लावलंत तर मेलात... असं मनातल्या मनात वाचकाला बजावता बजावता तिच्या लक्षात आलं, की वाचक आता राहिलाय कुठे? नवऱ्याचा शर्ट तिने तसाच बादलीत सोडला.

वीस वर्षं तिने लाँड्रीत डागांच्या टेबलावर काढली होती. गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा लेकीने तिला वेबसाइट काढून दिली. शाई, गंज, चहा, रक्त — एकेका डागाला चार ओळी, बस्स. कुणी नेटवर डाग शोधला की पहिलं नाव तिचं. दिवसाला तीन हजार माणसं यायची, आणि ती भाजी चिरतानाही जरा ताठ बसायची. गेल्या सोमवारी शोधयंत्राने म्हणे नियम बदलले. कोणते, ते कुणालाच ठाऊक नाही. ती एकदम एकेचाळिसावी झाली. तीन हजारांचे बारा झाले, आणि त्या बारांतला एक नवराच असणार. कारण परवा त्याने आपण होऊन गंजाचा विषय काढला होता, आणि ह्या माणसाला तीस वर्षांच्या संसारात गंज म्हणून दिसला नव्हता.

"एकेचाळीस काही वाईट नाही," तो म्हणाला होता. "शाळेत मी त्रेपन्नावा असायचो."

वर्गात मुलं किती होती, हे तिने विचारलं नाही. चौपन्न होती, हे तिला सासूबाईंकडून कळलेलं होतं.

लेकीचं म्हणणं, आता मजकूर लांबलचक हवा, सुरुवात ऐसपैस हवी. म्हणून दुपारी ती रक्ताच्या डागाचं पान उघडून बसली आणि लिहिलं: 'मानवाला प्राचीन काळापासून डाग पडत आले आहेत.' वाचून तिचेच कान तापले. टेबलाशी उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला मी कधी प्राचीन काळ सांगितला होता? तो खाटीक यायचा, दर शनिवारी, सात डगले घेऊन, अवाक्षर न बोलता. मीही बोलायची नाही. किती छान चाललं होतं आमचं... पण प्राचीन काळाने शब्द वाढत होते, तेव्हा तिने त्यात एक गुहाही घातली.

तेवढ्यात धाकट्या नणंदेचा फोन आला. तिच्या नवऱ्याच्या नाकाचा घोळणा फुटला होता, पांढरा सदरा रक्ताने माखला होता, आणि तिने नेटवर वाचून तो उकळत्या पाण्यात घातला होता. आता डाग तपकिरी होऊन असा बसलाय, जणू सदऱ्याबरोबरच विणलेला.

उकळत्या. तिने डोळे मिटून घेतले.

"माझं पान का नाही पाहिलंस?"

"पाहणारच होते. पण वर आलं ते वाचलं, वहिनी. खाली कोण जातं?"

तिने सदरा रात्रभर गार पाण्यात मिठात भिजवायला सांगितला आणि फोन ठेवला.

खाली कोण जातं... मी तरी गेले आहे का, उभ्या जन्मात? तिने स्वतःच 'रक्ताचा डाग' शोधलं. पहिल्या नंबरावर उकळतं पाणी, आणि एक हसरी बाई, जिच्या अंगावर पडायची कुठल्या डागाची छाती झाली नसावी. ती खाली उतरत गेली — दहा, वीस, तीस, सगळीकडे प्राचीन काळ — एकेचाळिसाव्याला ती स्वतः, अजून गुहेवाचून. आणि तिच्याखाली बेचाळिसाव्याला कुणा शिंपिणीचं पान. तीनच ओळी. सुई टोचून कापडावर रक्त पडलं तर थुंकी लावावी. ज्याचं रक्त, त्याचीच थुंकी. ताबडतोब.

वीस वर्षांत हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. आधी पोटात दुखलं — माझ्याही खाली, आणि इतकं नेमकं! मग ते दुखणं कुठेतरी विरलं, आणि नव्या बिऱ्हाडात पहिल्या रात्री भिंतीपलीकडे कुणी खोकलं की वाटतं, तसं काहीसं वाटू लागलं. तिने गुहा पुसली. प्राचीन काळ पुसला. पान पुन्हा चार ओळींचं झालं. म्हणजे एकेचाळिसावंच राहणार, कदाचित आणखीही घसरणार... घसरेना का. त्रेचाळिसाव्याला कोण राहत असेल? तिने खुर्ची पुढे ओढली.