बावीस भोकांची नळी

मित्रांनो, मी एक जुनी नळी आहे. दोन वीत लांब, अंगठ्याएवढी जाड, एक टोक बंद आणि अंगावर एका रांगेत बावीस भोकं. माशांच्या टाकीतलं पाणी फिल्टरमधून गाळून आलं की ते परत टाकीत सोडायचं, एवढंच माझं काम. माझी गोष्ट काही फार मोठी नाही.

कारखान्यात मला साच्यातून काढलं, भोकं पाडली आणि खोक्यात घातलं. तिथून मी एका निवृत्त घड्याळजी आजोबांच्या घरी आले. दुकानदाराने मला पंपाच्या अगदी डोक्यावर बसवून दिलं होतं. त्यामुळे मी सोडलेलं पाणी पंप लगेच पुन्हा ओढून घेई आणि पलीकडच्या कोपऱ्यात घाण साचून राही. आजोबांनी पाण्यात चिमूट चिमूट खाद्य टाकून ते कसं वाहत जातं हे दोन दिवस पाहिलं. मग पंप डावीकडे तळाशी ठेवला, लांब पाइप जोडून मला उजवीकडे वर बसवलं आणि माझी भोकं जराशी तिरकी केली. बावीस धारा पाण्यावर पडू लागल्या आणि टाकीतला कोपरा न् कोपरा हलू लागला.

"घड्याळापेक्षा अवघड काम आहे हं हे," ते आजींना म्हणाले.

"घड्याळं निदान फरशीवर पाणी तरी सांडत नव्हती," असं म्हणून आजींनी त्यांच्या हातात फडकं दिलं.

सात वर्षं मी तशीच वाहत राहिले. पाच सोनेरी मासे तळहाताएवढे झाले.

मग आजींचं ऑपरेशन झालं. त्यांची खाट टाकीजवळ आली. त्यांना झोप लागेना.

"अहो, हात धुऊन कुणीतरी नळ उघडाच टाकून गेलंय, असं वाटतं हो दिवसभर!"

आजोबांनी मला दोन बोटं खाली, पाण्यात बुडवलं. आवाज थांबला. त्या दुपारी आजी तीन तास झोपल्या.

"आता कशी शहाण्यासारखी वागतेय," उठल्यावर त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या. मित्रांनो, मला फार बरं वाटलं. तेच आज डाचतं.

कारण माझ्या धारा पाण्यावर आपटत, तेव्हाच पाण्यात हवा मिसळत असे. आता वरचं पाणी आरशासारखं स्थिर झालं. त्यात उन्हाळा, आणि कोमट पाण्यात हवा मुळातच कमी. तिसऱ्या दिवशी मासे वर येऊन तोंडं उघडू-मिटू लागले.

"अहो, बघा तरी! सगळे माझ्याकडेच बघतायत. इतक्या आपुलकीने नातेवाईकांनीसुद्धा विचारलं नाही मला."

"भूक लागली असेल गं."

"मग तो डबा द्या की इकडे."

आजींनी दिवसातून तीनतीनदा खाद्य टाकलं. मासे खाईनात. खाद्य तळाशी बसून कुजू लागलं, आणि उरलीसुरली हवाही त्यात गेली. मला सगळं कळत होतं. पण बावीस तोंडं असून मला एक शब्द बोलता येत नव्हता.

पाचव्या दिवशी सकाळी एक मासा उलटा तरंगताना दिसला, तेव्हा आजोबांच्या लक्षात आलं. त्यांनी मला वर उचललं, निम्मं पाणी बदललं आणि ते डावाने पाणी ढवळत राहिले. संध्याकाळपर्यंत पाचही गेले.

"माझ्याच हातून जास्त पडलं का हो?"

"नाही गं. नळी मी खाली केली. चूक माझी आहे."

"माझं मन राखायला म्हणताय तुम्ही."

आजोबांनी पुन्हा पुन्हा सांगितलं. आजींना ते खरं वाटलं नाही. आता दुपारी त्या डोळे मिटून पडतात, पण झोपत नाहीत. टाकी भंगारवाला घेऊन गेला. मला आजोबांनी खिडकीतल्या कुंडीत खोचलं आहे, एका वेलीला आधार म्हणून. ती वेलही वाळली आहे.

मित्रांनो, तुमच्या घरी मासे असतील आणि ते वर येऊन तोंड उघडत असतील, तर लगेच खाद्याचा डबा उघडू नका. आधी पाणी हलतंय का, ते बघा. ज्यांना हे वेळेवर सांगायला हवं होतं, त्यांना मी सांगू शकले नाही. म्हणून तुम्हाला सांगते.