पंगतीचं पहिलं पान

प्रेमिला सिस्टरांनी हातमोजे काढायच्या आतच उदारामकाकांनी शाल उलगडली. आधी शाल घ्यायची की आधी हात धुवायचे, हे न कळून त्या औषधांच्या ट्रॉलीजवळ तशाच उभ्या राहिल्या.

"थांबा जी, हात तरी धुऊ द्या."

"धुवा, धुवा. आमाले घाई नाही," काका म्हणाले आणि उलगडलेली शाल दोन्ही हातांवर घेऊन थांबले.

घाई होती. आज त्यांच्या वहिनीची, सुमित्राबाईंची तेरवी होती. नवेगाव बांधजवळच्या गावात त्यांच्या अंगणात मांडव पडला होता, चुली पेटल्या होत्या. पण काकांनी सकाळीच जाहीर केलं होतं : आधी दवाखान्याचे आभार, मग पंगत. म्हणून ते, सुमित्राबाईंचा मुलगा खेमराज आणि सून नूतन तालुक्याच्या या लहानशा दवाखान्यात आले होते. आता उपचार उरले नाहीत असं कळल्यावर सुमित्राबाई इथंच अकरा दिवस होत्या.

खेमराज दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. मुंडण केलेल्या डोक्यावरची टोपी त्यानं दोनदा सारखी केली. सिस्टरांकडे त्यानं अजून पाहिलं नव्हतं.

शाल-नारळ झाल्यावर काका बोलू लागले. पस्तीस वर्षं मास्तरकी केलेला माणूस. खाटांवरचे पेशंट उशीवरून माना उचलून ऐकू लागले.

"आमची वहिनी दुखण्यानं विव्हळे. या बाईनं तिचे केस विंचरले, पाठीले पावडर लावली. आम्ही घरचे, पण नाकाले रुमाल लावून उभे राहू. हिनं एकदाबी तोंड वाकडं नाही केलं."

"काका, पुरे ना," नूतन हळूच म्हणाली.

"पुरे काऊन? खरं बोलून राहिलो." काकांनी खेमराजकडे हात केला. "आणि सगळ्यात मोठी गोष्ट, माह्या पुतण्याले हिनं मायजवळ बसू दिलं. त्यानं आपल्या हातानं शेवटचं पाणी पाजलं. आज पंगतीत पहिलं पान त्याचं. आमच्या घरची रीतच आहे. पाणी पाजणाऱ्याचा घास आधी, मग गावाचा."

सिस्टरांनी खेमराजकडे पाहिलं आणि मान खाली घातली. शालीच्या दशा त्या एकेक करून सोडवू लागल्या.

आई गेली त्या दुपारी खेमराज या दवाखान्याच्या जिन्यात बसला होता. सिस्टर दोनदा बोलवायला आल्या. दादा चला, वेळ कमी आहे. तो उठला नाही. गुडघ्यांत डोकं घालून त्यानं नुसती मान हलवली. तिसऱ्यांदा त्या आल्या तेव्हा एवढंच म्हणाल्या, "शांत गेल्या." घरी बायकांनी विचारलं, पाणी पाजलं ना? तो हो म्हणाला. तेव्हापासून कोणी त्याच्यापुढे पाण्याचा पेला धरला, की तो आधी दुसऱ्याला द्यायचा.

"काय बाई?" काकांनी विचारलं. "तुमच्यासमोरच पाजलं ना त्यानं?"

"हो," सिस्टर म्हणाल्या.

खेमराजनं टोपी काढून मुठीत धरली.

"नाही, काका."

"काय नाही?"

"मी नव्हतो तिथं. भेव लागलं मले. जिन्यात बसून होतो." त्याचा आवाज इतका बारीक झाला होता की कोपऱ्यातल्या खाटेवरच्या म्हाताऱ्यानं शेजाऱ्याला 'काय म्हणे?' असं विचारलं. "पाणी या बाईनं पाजलं. मी घरी लबाड बोललो."

नूतननं नवऱ्याकडे पाहिलं. काका भिंतीजवळच्या बाकावर बसले.

"मग तुम्ही हो काऊन म्हटलं, बाई?"

सिस्टरांनी शाल खांद्यावरून काढून हातात घेतली.

"आजींचे डोळे मिटले होते. चमचा ओठाला लावला तर त्या तोंड उघडेनात. मग मी त्यांच्या कानात म्हटलं, माय, खेमराज पाणी पाजून राहिला, घे." त्यांनी शालीची घडी घातली. "दोन चमचे घेतले. लबाड बोलली असेल मी, तर तेव्हा बोलली."

खेमराज भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते. कोणी त्याच्याजवळ गेलं नाही.

"ड्यूटी किती वाजेपर्यंत आहे तुमची?" काकांनी विचारलं.

"दोन. का बरं?"

भिंतीवरच्या घड्याळात साडेदहा वाजले होते. काकांनी खिशातून मोबाईल काढून घरी मांडवात फोन लावला. फोनवर ते नेहमीच ओरडून बोलत.

"मुन्ना, पानं नको मांडू. पंगत तीनले बसन, गावाले सांगून दे. नाही रे बाप्पा, गाडी नाही बिघडली. पहिल्या पानावर बसणारी ड्यूटीवर आहे. हो, बाईच. बोंबलू दे लोकाले. एक दिवस उशिरा जेवल्यानं कोणी मरत नाही."

"असं कसं काका?" सिस्टर घाबरून म्हणाल्या. "माझ्यासाठी सारं गाव उपाशी?"

काकांनी चपला काढून बाकाखाली सरकवल्या, आणि बाकाच्या कडेला सरकत, पुतण्याकडे न पाहताच म्हणाले,

"बस. साडेतीन तास आहेत अजून."